काठ धरला की

चारठाण्याच्या बारवेतला गाळ रात्री काढायचे,
दिवसा दगड हात टेकू देत नव्हते.
दोन बांबू आडवे टाकून केरबानं
तोंडाच्या वर, मधोमध, हॅलोजन टांगला होता.
मी एम.एस्सी.ची चार पोरं घेऊन गेले.
जिंतूरच्या कॉलेजात फळा आहे, विहीर नाही.

पुस्तकात त्याला कोफायब्रेशन म्हणतात.
मराठी शब्द बरेच दिवस शोधला,
मग सोडून दिला.
पोरांना म्हटलं, काठ समजा.

तळ म्हणजे आत्ता.
आत्ता कोण कुठे आहे, सगळं ठाऊक.
भिंत म्हणजे काठाचं पुढचं आयुष्य,
चिऱ्यावर चिरा, घटकेवर घटका,
काठ कुठे कुठे जाणार तेही ठाऊक.
मधली एवढी पोकळी तेवढी ठाऊक नाही.
ती भरायची. न फाडता.
भिंतीशी, तळाशी सांधा दिसू नये अशी.

"चौकोनी चालंल का, मॅडम?
पुस्तकात तर गोल काढलीय."
सुग्रीव मुंढेला कायम आकाराची काळजी.
चालते रे. कोपऱ्यांनी काही बिघडत नाही.

गाळाची पाटी वर जाताना धूळ उडाली होती.
मी दिव्याकडे बोट केलं.
दिव्यापासून प्रत्येक कणाकडे एक रेघ,
ती पुढे जाऊन टेकतेच कुठेतरी,
भिंतीला, नाहीतर तळाला.
कण तिथे जाऊन विचारतो, मी काय व्हायचं?
भिंत सांगते.
जो आधीच भिंतीवर आहे
त्याला कुठंच जायचं नाही.
एवढीच सिद्धता.
फळ्यावर हिचं दीड पान होतं
आणि दीड पानात दिवा कुठेच नसतो.

पंचशीला लोखंडे दोन पायऱ्या खाली बसलेली,
वहीचं पान कोरं.
"आमची आई फॉल लावती," ती म्हणाली.
"काठ धरून ओढला की साडी येतीच मागं.
मधी कोण धरायलंय तिला?"
मी तिच्याकडे बघत राहिले.
अकरा वर्षं शिकवते हे.

"मग कुठलाबी काठ चालतो?" अफरोजनं विचारलं.
नाही ना.
एक घे, अर्धा घे, तिसरा हिस्सा, पाव, पाचवा,
असे ठिपके शून्याकडे सरकत गेलेले,
अन् टोकाला शून्य.
त्या शून्याला काठ म्हण, आणि वर उचल.
ते चढतं.
बाकीचे आपापल्या जागी खिळलेले,
इतके जवळ, की नखही मावू नये,
तरी एकाचा धागा दुसऱ्यात नाही.
त्यांना हलवायला कुणी वाट ठेवलेली नाही.
जवळ असणं वेगळं, अफरोज.
काठाला लागून बोटभर तरी
विणलेलं कापड असावं लागतं.

तो काही बोलला नाही.
खाली फावडं दगडाला लागल्याचा आवाज आला.

तेवढ्यात केरबाला वाटलं, बुडाला उजेड पोचत नाही.
त्यानं दोरी ओढून दिवा हातभर वर घेतला.
सगळ्या रेघा उभट झाल्या.
जो कण मघाशी भिंतीला विचारत होता
तो आता तळाला विचारू लागला.
"मॅडम, उत्तर बदललं!" सुग्रीव ओरडला,
जणू मीच काही लबाडी केली.
बदलणारच.
एकच आहे असं म्हटलं होतं का कुणी?
एक तरी आहे, एवढंच म्हटलं होतं.
भिंत तीच राहिली, तळ तोच,
तळात तांब्याची तुटकी तोटी
आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.

आमच्या सावल्या मात्र
भिंतीवरून उतरून गाळात आल्या,
आखूड, एकमेकींत मिसळलेल्या.
केरबा त्यांच्यावर पाय देत खाली गेला
आणि पुढची पाटी भरू लागला.